तुम्ही विचारलेत म्हणून: इटालियन रेड वाइनचे लेबल कसे वाचावे

इटालियन रेड वाइनच्या बाटलीवर द्राक्षाच्या वाणाचे नाव बहुधा नसते. मग आत काय आहे हे ओळखायचे कसे, असे मला वाइनची नव्याने गोडी लागलेले बरेच जण विचारतात. नाशिकच्या बाटलीवर शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों असे स्वच्छ लिहिलेले वाचायची सवय असल्यामुळे, 'बारोलो' किंवा 'कियांती क्लासिको' असे मोठ्या अक्षरांतले नाव पाहून माणूस गोंधळतो, कारण ही दोन्ही नावे वाणांची नसून प्रदेशांची आहेत. आंब्याच्या पेटीवर नुसते 'देवगड' छापलेले असले तरी आत हापूस असणार हे आपण गृहीत धरतो. इटलीत हे गृहीत धरणे कायद्याने पक्के केलेले आहे. इटलीच्या वायव्येकडच्या पिएमोंते प्रदेशातली बारोलो ही शंभर टक्के नेब्बियोलो द्राक्षाचीच असली पाहिजे, तोस्कानातल्या (टस्कनीतल्या) मोंताल्चिनो गावची ब्रुनेल्लो शंभर टक्के सांजोवेझे द्राक्षाची, आणि फ्लोरेन्स व सिएना यांच्या मधल्या टेकड्यांवरच्या कियांती क्लासिकोत किमान 80 टक्के सांजोवेझे हवी. हे सांजोवेझे आपल्याकडे अगदीच परके नाही. अकलूज परिसरातही त्याची लागवड झाली आहे.

म्हणून लेबलावर सर्वांत आधी प्रदेशाचे नाव शोधावे आणि त्याच्याखालची बारीक अक्षरांतली ओळ वाचावी. तिथे डीओसीजी, डीओसी किंवा आयजीटी यांपैकी एक दर्जा लिहिलेला असतो; वाइन कोणत्या प्रदेशाची आणि कोणत्या नियमांनी केलेली, हे सांगणारे हे सरकारी दर्जे वरून खाली याच क्रमाने येतात. डीओसीची पद्धत 1963च्या कायद्याने आली. तिच्या वरचा डीओसीजी हा दर्जा 1980 पासून प्रत्यक्ष मिळू लागला आणि पहिल्या मानकऱ्यांत बारोलो व ब्रुनेल्लो होत्या. डीओसीजी बाटलीच्या मानेवर क्रमांक असलेली सरकारी पट्टी चिकटवलेली असते. मात्र ही अक्षरे चवीची हमी देतात असा समज करून घेऊ नये. कोणत्या गावांच्या हद्दीत द्राक्षे पिकली, कोणती पिकली, एकरी उतारा किती घेतला आणि वाइन किती काळ मुरवली, एवढ्याच गोष्टी नियमांनुसार झाल्या आहेत असे ती सांगतात. नियम पाळून सुमार वाइन करता येते आणि ती केलीही जाते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण तोस्कानातले आहे, आणि मला ते फार आवडते. 1967 साली कियांतीसाठी जे नियम झाले त्यांत लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षे मिसळणे सक्तीचे होते. अंतिनोरी या वाइन करणाऱ्या घराण्याने 1971च्या हंगामापासून काढलेल्या तिन्यानेल्लो या वाइनमधून काही वर्षांतच पांढरी द्राक्षे पूर्णपणे वगळली आणि कॅबर्ने घातली. तिकडे समुद्राजवळच्या बोल्गेरीत कॅबर्नेच्या जोरावर उभ्या राहिलेल्या सास्सिकाया या वाइनचा 1968चा हंगाम बाजारात आला होता. नियमांत न बसल्यामुळे या दोन्ही महागड्या वाइनवर 'व्हिनो दा तावोला', म्हणजे रोजच्या जेवणातली साधी वाइन, हा सर्वांत खालचा शिक्का बसला. आयजीटी हा मधला दर्जा 1992च्या कायद्याने निर्माण झाला त्याला अशा बाटल्यांनी केलेली पंचाईतही कारणीभूत होती. सास्सिकायाला पुढे 1994 मध्ये बोल्गेरीच्या डीओसीत स्थान मिळाले. तिन्यानेल्लोवर मात्र आजही 'तोस्काना आयजीटी' असेच लिहिलेले असते आणि तिची किंमत अनेक डीओसीजी वाइनपेक्षा जास्त असते.

यानंतर येतात विशेषणे. 'क्लासिको' म्हणजे त्या प्रदेशाचा जुना, मूळ गाभा. त्यामुळे नुसती कियांती आणि कियांती क्लासिको या वेगळ्या वाइन आहेत आणि काळ्या कोंबड्याचे चिन्ह फक्त दुसरीवर असते. 'रिझेर्वा' म्हणजे जास्त काळ मुरवलेली, पण किती जास्त हे प्रदेशागणिक बदलते: कियांती क्लासिको रिझेर्वाला 24 महिने पुरतात, तर बारोलो साधी असली तरी 38 महिने आणि रिझेर्वा असेल तर 62 महिने थांबावे लागते. 'सुपेरिओरे' या शब्दावर मी फारसे पैसे लावणार नाही. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी अल्कोहोल थोडे अधिक, एवढ्यापुरताच राहतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती मोंतेपुल्चानो या नावाने. 'मोंतेपुल्चानो द'आब्रुत्झो' या वाइनमध्ये मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे आणि आब्रुत्झो हा प्रदेश. 'व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो'मध्ये मात्र मोंतेपुल्चानो हे तोस्कानातले गाव असून वाइन प्रामुख्याने सांजोवेझेची असते. या दोघींचे नाते फक्त नावापुरते आहे. बार्बेरा दास्ती, प्रिमितिव्हो दी मांदूरिया यांसारख्या नावांत मात्र आधी द्राक्ष आणि मग ठिकाण, असा सरळ क्रम असतो.

मागच्या लेबलावर 'इंबोतिल्यातो आल्लोरिजिने' ही ओळ जरूर पाहावी. द्राक्षे पिकवणाऱ्यानेच, किंवा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने, वाइन करून बाटलीत भरल्याची ती खूण आहे. नुसते 'इंबोतिल्यातो दा' आणि पुढे कंपनीचे नाव असेल तर ती वाइन दुसरीकडून विकत घेऊन भरलेली असू शकते. अल्कोहोलचा आकडाही पुष्कळ सांगतो: सुकवलेल्या द्राक्षांपासून केलेल्या अमारोने या वाइनवर तो बहुधा 15 टक्क्यांच्या पुढे असतो, आणि अशी बाटली दुपारच्या जेवणाला उघडू नये.

एवढे वाचूनही दोन बाटल्यांत निवड करता येत नसेल, तर मी उत्पादकाचे नाव पाहते, कारण एकाच टेकडीवरच्या दोन बारोलो त्या एका नावामुळे एकमेकींपासून खूप दूर असतात. ब्रुनेल्लो हंगामानंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत विकता येत नाही आणि ती महागही पडते. पण चांगल्या घराण्याची रोस्सो दी मोंताल्चिनो त्याच गावची, त्याच सांजोवेझेची असते, लवकर बाजारात येते आणि निम्म्याच्या आसपास किमतीत मिळू शकते. कोणती घ्यायची असे तुम्ही विचारलेत, तर मी आधी तिच्याकडे बोट दाखवीन.