कापलेला फोटो

भाऊबीज झाली, परवा निघायचं, आणि आज दिवसभर एका फालतू मेसेजने डोकं खाल्लं.

काल सगळे शेतात गेलो होतो. दादाचा सोन्या कापूस वेचत होता, कमरेला वहिनीच्या जुन्या साडीची झोळी, पोट पुढे काढून असा डुलत चालत होता की मला हसू आवरेना. फोटो काढला, स्टेटसला टाकला, वर लिहिलं 'आमचा छोटा शेतकरी'. रात्री ऑफिसमधल्या एकाचा रिप्लाय, 'मॅडम, चाइल्ड लेबर?' आणि पुढे दोन हसरे चेहरे. बस, एवढंच.

तीनदा उत्तर टाइप केलं, तीनदा खोडलं. स्वतःच्या पोराला पहाटे सहाला उठवून स्केटिंगला पाठवतो, मग क्लास, मग दुसरा क्लास, ते चालतं. आणि आम्ही? मी सहावीपासून दर दिवाळीच्या सुट्टीत वेचलाय कापूस. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा फाटायच्या, मग फराळाचं तिखट लागलं की आग आग. नाना किलोमागे पैसे द्यायचे, वहीत मांडून ठेवायचे, त्यातून मी कंपासपेटी घेतली होती. तेव्हा कोणी विचारलं नाही हे काय चाललंय म्हणून. फोटोसुद्धा नाही माझा एक त्या वयातला. ताईचं तर वेगळंच, आठवीनंतर... जाऊ दे, ते नको आता.

दादाला दाखवला मेसेज. तो म्हणाला, "त्याले सांग, ये म्हना, तुले बी झोळी बांधी देतस." आणि गेला मोटर चालू करायला, लाइट रात्रीचीच असते.

मला झोप नाही. गच्चीवर बसून मोबाइलवर कायदा शोधत बसले, म्हटलं याच्या तोंडावर कलमच मारते. तर कायदा आमच्याच बाजूचा निघाला. १९८६ चा बालमजुरीचा कायदा, त्यात २०१६ ला बदल झाला, चौदाच्या आतल्या पोराला कामाला ठेवायचं नाही, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला हात लावला तर चालतो, काम धोक्याचं नको. म्हणजे फवारणीचा पंप नको, आणि तो दादा स्वतःच नाही देणार, २०१७ ला यवतमाळला फवारणीने माणसं गेली तेव्हापासून तो सोन्याला औषधाच्या डब्याजवळ फिरकू देत नाही. पुढे कुटुंब म्हणजे कोण तेही लिहिलंय, आईबाप, भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी. दोनदा वाचलं. आजोबा-आजी नाहीत! म्हणजे सातबारा ज्यांच्या नावावर ते नाना सोन्याचे कोणी नाहीत, आणि हक्कसोड लिहून मोकळी झालेली आत्या मात्र कुटुंबात. सरकारनेच मला घरात घेतलं शेवटी. एकटीच हसले गच्चीवर.

(अमेरिकेतही हाच घोळ. २०११ ला तिथे सोळाच्या आतल्या मजूर पोरांना ट्रॅक्टर आणि तसल्या धोक्याच्या कामांपासून लांब ठेवायचा नियम येणार होता, आईबापाच्या शेतावर सूट होती, पण आजोबांच्या शेताचं काय यावर शेतकरी चिडले, २०१२ ला सगळंच मागे घेतलं. आजोबा कुठेच बसत नाहीत वाटतं.)

तर मी बरोबर होते. कलम सापडलं, आता पाठवून झोपायचं ना? पण बोट पुढे जाईना. गॅलरीत मूळ फोटो उघडला आणि तिथेच अडकले.

मूळ फोटोत सोन्या एकटा नाहीये. डाव्या हाताला, त्याच्याच ओळीत दहा पावलं पुढे, ती पोरगी आहे. सातपुड्याकडून आलेत यंदा वेचणीला, तिची आई आणि ती. सोन्याएवढीच असेल, नऊ-दहा. तिची झोळी सोन्याच्या दुप्पट भरलेली. मीच कापली तिला. का कापली? फोटो नीट बसत नव्हता म्हणून, खरंच एवढंच, असं मी रात्रभर स्वतःला सांगत होते. सोन्याने तासभर वेचला, मग लिंबाखाली मोबाइल घेऊन बसला. ती दिवस मावळेपर्यंत. तिचं वेचलेलं आईच्या गाठोड्यात जातं, काट्यावर आईच्या नावाने चढतं, किलोने पैसे. त्याची मदत, तिची... एकच ओळ, एकच ऊन, आणि कलमातली सूट फक्त एकालाच लागते.

सकाळी दादाला विचारलं, जरा घाबरतच. "ती मायसंगे येस, आम्ही थोडी बलावतस." तेही खोटं नाही. आई कुठे ठेवेल तिला, खोपटात एकटी? आता सुट्टी आहे म्हणता येतं, पण वेचणी काय दिवाळीला संपते, पुढे दोन-तीन महिने चालते, तेव्हा हिची शाळा कुठे, मला माहीत नाही, मी विचारलंच नाही. सरकारने शेतात यावं म्हटलं तर आमच्याकडे गारपिटीच्या पंचनाम्याला माणूस यायला पंधरा दिवस लागतात. आला असता काल कोणी तर सोन्याचंच नाव लिहून घेतलं असतं, तोच पुढे पुढे करतो. ती कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

आज दुपारी परत गेले. डब्यात चकल्या नेल्या होत्या, तिला चार दिल्या. तिने एक खाल्ली, बाकीच्या तीन झोळीत टाकल्या, कापसावरच. दादा लांबून ओरडला, तेल लागलं तर व्यापारी कट्टी लावंल, पैसे कापंल ना! मग मीच तिच्या झोळीत हात घालून चकल्या शोधत बसले, एक सापडली, दोन नाही सापडल्या. ती हसायला लागली, तिची आई हसायला लागली, माझ्या बोटात बोंडाचं टोक घुसलं ते वेगळंच.

ऑफिसवाल्याला शेवटी अंगठा पाठवला. बोट अजून ठणकतंय.