आमची वाटचाल: जुन्या गाड्यांच्या सीटचा रंग बदलताना

आमचं काम सुरू झालं ते सीट शिवण्यापासून. जुन्या गाडीची सीट खोलायची, बसलेला फोम किंवा केसांची गादी काढायची, सैल झालेल्या स्प्रिंगा बांधायच्या, नवं कातडं किंवा रेक्झिन बेतून शिवायचं आणि ताणून रिंगांनी पक्कं करायचं. मी, धाकटा भाऊ, दोन मशिनं आणि एक लांब टेबल, एवढाच पसारा होता. रंगाशी आमचा संबंध नमुन्यांच्या गठ्ठ्यातून शेड निवडण्यापुरता. उतरवलेलं जुनं कातडं कोपऱ्यात जायचं आणि तिकडे परत कुणी बघायचं नाही.

ते बघायला लावलं एका जॅग्वार मार्क टूने. १९५९ ते १९६७ या काळात निघालेलं हे मॉडेल. सीट मूळच्या फिकट करड्या रंगाच्या होत्या. मालकांना गडद लाल हव्या होत्या, पण कातडं बदलायचं नाही अशी त्यांची अट होती. मी म्हटलं, "काका, नवं घातलं तर जास्त चांगलं दिसेल." ते म्हणाले, "दिसेल हो. पण मग ती सीट या गाडीची राहणार नाही."

त्या रात्री सीट टेबलावर ठेवून मी बराच वेळ बघत बसलो. चुण्यांच्या खाचांत मूळ रंग अजून उजळ होता, बाहेर मात्र तो मळकट पडला होता. ड्रायव्हर ज्या कडेवरून चढतो-उतरतो ती कड घासून गुळगुळीत झाली होती आणि तिच्यावर बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं. सीटच्या तळाशी दुमडलेली एक पट्टी होती. तिच्यावर थिनरचा बोळा फिरवला तर रंग बोळ्यावर उतरला आणि खालून लवचिक, शाबूत कातडं वर आलं. भेगा कातड्याला नव्हत्याच, त्या वरच्या रंगाला होत्या.

लंडनची कोनोली ही पेढी १८७८ पासूनची. जॅग्वार, रोल्स-रॉइस अशा गाड्यांना तिने पिढ्यान्‌पिढ्या कातडं पुरवलं आणि २००२ मध्ये कारभार गुंडाळला. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश कातड्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या वार्निशसारख्या लेपाचा, थर असायचा. वर्षं जातात तसा हा थर ताठर होतो, तडकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं कातडंच गेलं. सीटचा रंग म्हणजे आपण जो डोळ्यांनी बघतो तो बहुतेक वेळा कातड्यावरचा एक पातळ पापुद्रा असतो, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट समजलं. तो पापुद्रा बदलता येतो.

ते काम छान झालं. फिकटावरून गडदाकडे जायचं होतं, म्हणजे सोपी दिशा. मूळ लॅकर शक्य तेवढा उतरवला, कडेच्या झिजेवर लवचिक फिलरचे पातळ थर भरून पॉलिश पेपरने सपाट केले आणि पाण्यावर आधारित रंगाचे हात मारले. काका सीटवर बसले, हात फिरवला आणि म्हणाले, "कातड्यासारखंच लागतंय." या कामात माझ्या मते याहून मोठी पावती नाही. रंग जाड झाला की सीट प्लॅस्टिकची लागते. मग कितीही सुंदर दिसो, ते काम वाया गेलं असं मी धरतो.

त्यानंतर कामं येऊ लागली आणि आमचा हात सैल सुटला. फटका बसला तो एका मर्सिडीजवर. डब्ल्यू १२३ होती, १९७० आणि ८०च्या दशकांतली दणकट गाडी, सीट एमबी-टेक्सच्या. एमबी-टेक्स हे मर्सिडीजचं व्हायनिल. ते इतकं टिकाऊ असतं की फोम बसून जातो, पण वरचं आवरण फाटत नाही. खाकी सीट काळ्या करायच्या होत्या. म्हटलं, दोन दिवसांचं काम.

पहिला हात मारला आणि रंगात बारीक गोल खळगे उमटले, माशाच्या डोळ्यांसारखे. मला वाटलं, कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आलं असेल. जाड हात मारून खळगे बुजवले. सीट देखणी झाली. दीड महिन्याने मालक परत आले. त्यांनी पाठीच्या शिवणीजवळ नखाने एक टोक उचललं आणि ओढलं, तर वीतभर काळा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघून आला. खाली खाकी व्हायनिल स्वच्छ, कोरडं, जणू आम्ही त्याला हातच लावला नव्हता.

ते चिडले नाहीत, पण दुखावले होते. म्हणाले, "अहो, मी तर इतकी वर्षं दर आठवड्याला सीटला चमक आणणारा स्प्रे मारत होतो. काळजी घेतली म्हणूनच त्या टिकल्या." त्यातच सगळं उत्तर होतं. अशा बऱ्याच स्प्रेंमध्ये सिलिकॉनचं तेल असतं. ते दाण्यादाण्यांत बसतं, साबणाच्या पाण्याने हलत नाही, आणि त्याच्यावर कुठलाही रंग पाय रोवत नाही. ते खळगे म्हणजे रंगाने आम्हाला दिलेली सूचना होती. मी ती रंगाखाली दाबली.

सगळी सीट पुन्हा उघडी करून आम्ही ती नव्याने केली, एकही पैसा न घेता. त्या तीन आठवड्यांत आमच्या कामाची रीत बदलली. आता सीट आली की आधी आम्ही विचारतो: हिला आजवर काय काय लावलं? पॉलिश, मेण, तेल, कातड्याचं क्रीम, घरातला भांड्यांचा साबण, कुणी आधी मारलेला रंग, सगळं. बरेच मालक "काही नाही" म्हणतात. ते खोटं बोलत नसतात, गाडी त्यांच्याकडे येण्याआधीचं त्यांना माहीत नसतं. म्हणून सीटलाच विचारावं लागतं.

त्याची पद्धत अशी. न दिसणाऱ्या जागी, सहसा बैठकीच्या मागच्या कडेला, तळहाताएवढा तुकडा निवडतो. मेण आणि तेल काढणाऱ्या द्रावणाने तो पुसतो. प्रत्येक पुसण्याला कापडाची नवी घडी, कारण जुन्या घडीने सिलिकॉन निघत नाही, नुसतं पसरतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. कातडं असेल तर पाण्याचा एक थेंब ठेवतो. थेंब लगेच मुरून डाग गडद झाला तर वर थर नाही, रंग आत मुरलेला आहे. थेंब तसाच उभा राहिला तर वर पापुद्रा आहे. मग रंगाचे दोन-तीन हात, सुकवणं, आणि आठवडाभर थांबणं. आठव्या दिवशी ब्लेडने त्यावर बारीक चौकड्या पाडायच्या, टेप दाबून चिकटवायची आणि झटक्यात ओढायची. शिवाय पांढरं फडकं एकदा कोरडं, एकदा ओलं घासून बघायचं. टेपवर कण नाही, फडक्यावर डाग नाही, तरच पुढचं बोलायचं. या आठवड्यामुळे आमची काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत. हा आठवडा मी कुणासाठी कमी करत नाही.

इथे रेक्झिन या शब्दाबद्दल थोडं, कारण रोज घोटाळा होतो. आपण सगळ्याच नकली कातड्याला रेक्झिन म्हणतो. मूळ रेक्झिन हे एका ब्रिटिश कापडाचं व्यापारी नाव होतं: सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप. नंतरचं व्हायनिल म्हणजे पीव्हीसी, ते वेगळं. दिसायला सारखं, पण थिनर लागताच पहिल्याचा लेप विरघळून हातात येतो आणि दुसरं नुसतं मऊ पडतं. युद्धाआधीच्या गाडीच्या दारावरचं आवरण व्हायनिल समजून पुसायला घेतलं तर नक्षीच पुसली जाते. आमच्याकडे एका पट्टीवर ते घडलं. तेव्हापासून पहिला थेंब नेहमी आतल्या दुमडीवर पडतो.

दुसरा मोठा धडा लाल रंगाने दिला. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या लाल व्हायनिल सीट मालकीणबाईंना मलई रंगाच्या हव्या होत्या. साफसफाई चोख, चाचणीचा तुकडा पास, टेप स्वच्छ. सीट अप्रतिम झाल्या. उन्हाळ्याचे दोन महिने गेले आणि बाईंनी फोटो पाठवला. मलई रंगावर गुलाबी झाक. रंग कुठेच सुटला नव्हता, पोपडा नव्हता, पण खालचा लाल वर झिरपत होता. व्हायनिल मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेला असतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहतो आणि उन्हात तापलेल्या गाडीत जास्तच. काही जुने लाल रंग त्याच्याबरोबर प्रवास करतात. मध्ये अडवणारा थर दिला तर हे लांबतं, पण थांबेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. त्या सीटला शेवटी आम्ही नवं आवरण शिवून दिलं. आता लाल व्हायनिलचं पांढरं किंवा मलई करायचं काम मी घेत नाही. त्यापेक्षा गडद तपकिरी करा, नाहीतर नवं शिवा, असं सरळ सांगतो. काळ्याचं पांढरंही टाळा म्हणतो, पण त्यामागचं कारण वेगळं आहे. झाकायला थर जास्त लागतात, आणि पाइपिंगवर, म्हणजे शिवणीच्या कडेच्या गोल पट्टीवर, जरा झीज झाली की काळी रेघ डोकावते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी, आणि मला सगळ्यात आवडणारी, गोष्ट म्हणजे मिश्र सीट. कित्येक जुन्या गाड्यांत बसायचा भाग कातड्याचा आणि बाजू, पाठीमागचा भाग व्हायनिलचा असतो. नव्या असताना दोन्ही एकसारखे दिसत. पन्नास वर्षांनी कातडं एका दिशेने फिकटलेलं असतं, व्हायनिल दुसऱ्या. दोघांना एकच डबा चालत नाही. कातड्याला पाण्यावर आधारित, हार्डनर (रंग पक्का करणारं रसायन) मिसळलेला लवचिक रंग लागतो. व्हायनिलला त्याच्या पृष्ठभागात थोडा रुतणारा सॉल्व्हंटचा रंग जास्त धरतो. दोन वेगळ्या रंगांची एक शेड जुळवायची, आणि वर चमकही सारखी. भाऊ यात माझ्यापेक्षा तयार आहे. तो शेड कधीच ट्यूबलाइटखाली पक्की करत नाही. सकाळच्या उजेडात दाराबाहेर, मग बल्बखाली, मग गाडीच्या आत, अशी तीन ठिकाणी बघतो. दिव्याखाली जुळलेले दोन तपकिरी उन्हात एक हिरवट आणि एक लालसर निघाल्याचं आम्ही भोगलं आहे. चमकेच्या बाबतीत आम्ही जुन्या गाडीला मॅटकडे झुकणारा शेवटचा हात देतो. चकचकीत सीट अशा गाडीत ओरडते.

टाक्यांचंही तसंच. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची शिवण असेल तर स्प्रे गन तिला गिळून टाकते. आम्ही शिवणीवर बारीक टेप लावतो आणि कडेचा रंग ब्रशने भरतो. एका सीटला त्यात अख्खा दिवस जातो. दोरा कुजलेला असेल तर रंगाआधी उसवून त्याच भोकांतून पुन्हा शिवतो. कातड्याला नवी भोकं पाडली की तिथूनच ते फाटतं.

आज आम्ही पाच जण आहोत. रंगाची खोली वेगळी आहे, हवा बाहेर फेकणारा पंखा आहे, आणि सॉल्व्हंट किंवा हार्डनर हातात असताना कार्बन फिल्टरचा मास्क घातल्याशिवाय कुणी आत जात नाही. पहिली काही वर्षं आम्ही साध्या रुमालावर भागवलं, याची मला आजही खंत आहे. भावाचं डोकं तेव्हा संध्याकाळी ठणकायचं आणि आम्ही त्याला थकवा म्हणायचो.

कामांना नकारही देतो. बोट ओलं करून घासल्यावर कातड्याची भुकटी निघत असेल, किंवा व्हायनिल दाबल्यावर काचेसारखं तडकत असेल, तर त्याला रंग वाचवणार नाही. मूळ रंगाची नोंद असलेली गाडी असेल तर मालकांना आधी ती नोंद काढायला सांगतो. मर्सिडीजच्या डेटा कार्डावर, म्हणजे कारखान्याच्या नोंदीच्या कार्डावर, सीटच्या आवरणाचा कोड असतो. एमजीसारख्या गाड्यांसाठी ब्रिटिश मोटर म्युझियमच्या हेरिटेज सर्टिफिकेटवर, म्हणजे जुन्या कारखाना-नोंदींच्या दाखल्यावर, बहुधा आतला रंगही लिहिलेला मिळतो. नोंद बघून तिघांतले एक तरी मालक बेत बदलतात आणि म्हणतात, मूळचाच द्या. मला ते काम जास्त आवडतं.

सध्या टेबलावर एका मार्क टूची मागची सीट आहे, तपकिरी कातडं हिरवं करायचंय. मधल्या हात-टेकणीच्या पोटात चाचणीचा तुकडा मारून आज सहावा दिवस. काल भावाने पांढरं फडकं घासलं, कोपऱ्यात अगदी पुसट हिरवी छटा आली. त्याने काही न बोलता तुकडा पुसून काढला आणि पुन्हा अल्कोहोलचं कापड हातात घेतलं. मालकांना फोन करून सांगितलं, अजून आठ दिवस लागतील.