मूळ फुटलं

रविवार, रात्रीचे साडेदहा. भांडी आवरून झालीयेत, बाहेर नुसती भुरभुर चालू आहे आणि मी ओट्यापाशी उभी राहून काचेचा ग्लास ट्यूबलाईटकडे धरून बघतीये. लकी बांबूच्या तुकड्याला खालच्या पेरापाशी लालसर दाणा आलाय, मोहरीएवढा. मूळच आहे ते. बावीस दिवस वाट बघत होते याची, सासूबाई झोपल्यात नाहीतर आत्ताच दाखवलं असतं.

विश्रामबागच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा बहिणीनं दिलेला, तीन कांड्या, लाल रिबीन बांधलेल्या, काचेच्या बाऊलमध्ये. आई, म्हणजे सासूबाई, तुळशीला पाणी घालून आल्या की तांब्यात उरलेलं यात ओतायच्या, रोज न चुकता, आणि ते बघून मला बरं वाटायचं म्हणून मी कधी काही बोलले नाही. पण नुसती भर पडत होती, खालचं पाणी महिना महिना तेच. एप्रिलमध्ये गॅलरीत ठेवला तर दुपारच्या उन्हानं पानं करपली, याला उजेड लागतो पण थेट ऊन सोसत नाही. मग पावसाळ्यात एक कांडी खालून पिवळी पडायला लागली. आई म्हणाल्या, "अगं, खत घाल की जरा."

त्याच आठवड्यात डेंग्यूच्या तपासणीला आरोग्यवाल्या ताई आल्या. फ्रीजमागचा ट्रे बघितला, कुंड्यांखालच्या ताटल्या बघितल्या आणि शेवटी बांबूच्या बाऊलवर टॉर्च मारला. खड्यांच्या वर अळ्या वळवळत होत्या. धस्सच झालं मला, घरात लहान पोरगं, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, आणि डास आपल्याच हॉलमध्ये वाढतायत! एडिसला, म्हणजे डेंग्यूच्या डासाला, असलं साठलेलं स्वच्छ पाणीच लागतं, आठ-दहा दिवसात अंड्याचा डास तयार. ताई म्हणाल्या नुसतं पाणी बदलू नका, बाऊल आतून घासा, अंडी काचेला चिकटून राहतात आणि वाळली तरी मरत नाहीत.

पाणी अंगणातल्या कोरड्या मातीत ओतलं. कांड्या बाहेर काढल्या, दोघींची मुळं केशरी, घट्ट, छान. तिसरी खालून दाबली तर शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी पिचली, वास पण कुजका. पिवळी झालेली कांडी परत हिरवी होत नाही आणि बरोबरच्यांनाही नासवते, म्हणून काढलीच. पण शेंडा हिरवागार होता. टाकून द्यायला जीव होईना. कुजक्या भागाच्या बरंच वर, पेराच्या जरा खाली, स्वच्छ ब्लेडनं कापून ग्लासात उभा केला.

आईंचा चेहरा पडलेला. "दोनच राहिल्या गं, काही वाईट तर नाही ना?" मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं, आई, हा बांबू नाहीच मुळी, ड्रॅसिना आहे, आफ्रिकेतलं झाड. शुभ-अशुभ चिन्यांच्यात मानतात, तिकडे चार कांड्या देत नाहीत कारण त्यांचा चारचा उच्चार मरणाच्या शब्दासारखा आहे, आणि दोन म्हणजे जोडप्याच्या. आईंनी आप्पांच्या फोटोकडे बघितलं. "मग राहू देत दोनच," म्हणाल्या.

आता दर रविवारी पाणी आईच बदलतात. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास मारतो आणि त्यानं पानांची टोकं तपकिरी होतात, म्हणून शनिवारी रात्री पातेलंभर पाणी नुसतं जाळी झाकून ठेवतात. खडे त्या घासतात, बाऊल मी. उन्हाचं म्हणाल तर हॉलच्या पडद्यामागे आहे तो, नवीन पान एक आलंय, अजून गुंडाळलेलं.

ग्लास परत खिडकीत ठेवलाय. सकाळी आईंना चष्मा लावूनच बोलावणार, दाणा फार बारीक आहे.