कॅरोल के यांचा बास

आजची दुपार कॅरोल के यांनी वाजवलेला बास, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, लक्ष देऊन ऐकण्यात गेली. एरवी आपले कान गायकामागे धावतात आणि गाणे पेलून धरणारा हा खालचा स्वर ऐकायचाच राहून जातो. अमेरिकेतील एव्हरेट येथे १९३५ मध्ये जन्मलेल्या के यांनी चौदाव्या वर्षीच गिटार शिकवायला सुरुवात केली होती, म्हणजे त्या बासवादक होण्याच्या कितीतरी आधी शिक्षिका होत्या. १९६३ मध्ये हॉलिवूडमधील एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बासवादक आला नाही, म्हणून त्यांनी बास हाती घेतला आणि पुढे बीच बॉइज या बँडसह अनेकांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचे वादन उमटले. तारांवर फेल्टचा (दाबलेल्या जाड लोकरी कापडाचा) तुकडा बसवून नको असलेली गुंज दाबायची आणि बोटांऐवजी पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने, वाजवायचे, ही त्यांची रीत असल्यामुळे प्रत्येक स्वर सुटा आणि नेमका ऐकू येतो. (साध्या मोबाइलच्या स्पीकरवर यातले जवळजवळ काहीच कळत नाही, हेडफोन हवाच.)

मला मात्र त्यांची १९६९ ची कामगिरी अधिक मोलाची वाटते. त्या वर्षी त्यांनी इलेक्ट्रिक बास शिकवणारे पुस्तक लिहून स्वतःच प्रकाशित केले. इतरांच्या गाण्यांत निनावी राहिलेली ही विद्या त्यामुळे घरबसल्या शिकणाऱ्यांपर्यंत पोहोचली. २०२५ मध्ये त्यांनी रॉक संगीतातील नामवंतांना गौरवणाऱ्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान नाकारला; मूळ पिंड जॅझचा असलेल्या या बाईंचा तो निर्णय मला अजिबात विक्षिप्त वाटत नाही.