अर्ज नको, गुन्हा दाखल करा

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं. त्याच्या आठवडाभर आधी मी एक व्हिडिओ टाकला. विषय साधा होता: लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये आणि नळाला न येणारं पाणी. पहिले दोन दिवस खालच्या कॉमेंट वाचून मी हरखून गेले होते. बायका स्वतःच्या नावानं लिहीत होत्या. एकीनं आपल्या वस्तीतल्या टँकरच्या खेपा मोजून मांडल्या, दुसरीनं तो हिशेब खोडून काढला, आणि शेवटी एका उमेदवाराच्या कार्यकर्त्याला तिथे येऊन उत्तर द्यावं लागलं. ज्यांच्या हातात सभेत कधी माईक येत नाही, त्या बायका इथे नेत्याला प्रश्न विचारतात. मी राजकीय बातमीदारी समाजमाध्यमांवर करते ती यासाठीच.

तिसऱ्या दिवशी माझा चेहरा चिकटवलेला एक अश्लील फोटो माझ्या मोबाइल नंबरसकट फिरायला लागला. रात्रभर फोन, घाणेरडे मेसेज, 'तुझं घर माहीत आहे' अशा धमक्या. दुपारपर्यंत त्या बायकांच्या कॉमेंट एकेक करून गायब झाल्या. एकीनं मला खासगीत कळवलं, "ताई, घरच्यांनी काढायला लावली." शिव्यांपेक्षा मला हे जास्त लागलं.

फोटो हटवणं त्यामानानं लवकर झालं. 'रिपोर्ट' बटण दाबून थांबू नका, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२१ च्या आयटी नियमांत अशा बनावट अश्लील फोटोसाठी तेव्हा २४ तासांची मुदत होती. सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवली. तिथे नाव न देताही तक्रार करता येते, पण मग तिचं पुढे काय झालं ते बघता येत नाही. म्हणून नाव देऊन, पाठपुरावा करता येईल असाच पर्याय निवडा.

खरं अडलं ते पोलीस ठाण्यात.

पहिल्या दिवशी ठाणे अंमलदार म्हणाले, "हे सायबरचं काम." सायबरवाले म्हणाले, "आधी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा." दुसऱ्या दिवशी परत गेले तर "पीआय साहेब बंदोबस्ताला आहेत, आयटी ॲक्टचा तपास त्यांच्याशिवाय होत नाही, निवडणूक झाल्यावर या." यातलं अर्धंच खरं आहे. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. पण म्हणून गुन्हा नोंदवायलाही तेच हवेत, असं त्यात कुठेच नाही. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मी बाकावर दोन तास बसले आणि घरी आले.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अर्ज देऊन जा, नाहीतर एनसी करून घेतो." वर, "तुम्ही पत्रकार, तुम्हाला तर सवय असेल." हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. युनेस्को आणि आयसीएफजे या पत्रकारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०२० मध्ये जगभरातल्या पत्रकारांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या ७३ टक्के महिलांनी ऑनलाइन हिंसेचा अनुभव सांगितला होता. इतक्या जणींच्या वाट्याला येतं म्हणून ते सवयीचं कसं होईल?

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासच करू शकत नाहीत. माझ्या प्रकरणातली नुसती धमकी तेवढी उचलली, तर ती एनसीत बसवता येत होती. पण अश्लील फोटो पसरवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ मध्ये येतं, आणि स्त्रीच्या लज्जेचा अपमान भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये. दोन्ही दखलपात्र, म्हणजे पोलिसांना अशा आदेशाशिवाय तपास करता येतो असे. त्या रात्री एका वकील मैत्रिणीनं एका पानाचा मजकूर करून दिला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ त्यात ठळक लिहिलं होतं: गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची, कलम ७९ च्या तक्रारीत ती महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत द्यायची.

चौथ्या दिवशी मी ते पान पुढे ठेवलं आणि एवढंच म्हटलं, "नोंदवत नसाल तर तसं लिहून द्या, मी अधीक्षकांकडे जाते." अर्ध्या तासात एक महिला उपनिरीक्षक आल्या. त्यांनी तीन तास शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मध्ये पाणी दिलं, प्रत्येक वाक्य मला वाचून दाखवलं. रात्री पावणेदहाला प्रत हातात पडली तेव्हा मी जिन्यातच रडले.

मनावर घेतलं तर पोलिसांना हे जमतं. जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' ॲपवर महिला पत्रकारांसह अनेक मुस्लिम महिलांचे फोटो लिलावासाठी म्हणून टाकले होते. त्यात मुंबई पोलिसांनी आठवड्याच्या आत अटका केल्या. म्हणून ते चार दिवस मला जास्तच खुपतात. त्या काळात दोन खाती बंद करून माणसं पसार झाली.

हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पोस्टची पूर्ण लिंक, तारीख-वेळ आणि खात्याची प्रोफाइल लिंक लगेच उतरवून ठेवा, कारण ही माणसं खात्याचं नाव रातोरात बदलतात. ब्लॉक त्यानंतर करा. मी आधी ब्लॉक केलं आणि तीन धमक्या पुन्हा शोधता शोधता नाकी नऊ आले. अर्ज नुसता देऊन आलात तर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. सोबत कुणाला तरी न्या. मी पहिले तीन दिवस एकटी गेले होते.

तपास अजून चालू आहे. एका खात्यामागचा माणूस सापडला, त्याचा जबाब झाला, मोबाइल जप्त आहे. मोबाइलमधल्या मेसेज-फोटोंसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे: भाग अ आपण भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. माझा भाग अ मी ज्या फोनवर मेसेज आले तो समोर ठेवूनच भरला. प्रकरण संपेपर्यंत तो फोन विकू नका, रीसेट करू नका.