सर्व्हर बंद, घड्याळ चालू

आमच्या ऑनलाइन खेळाच्या सर्व्हरमध्ये कोणी परका शिरल्याचे उघडकीस आले, त्याच रात्री खेळ बंद करण्यात आला आणि पुढे कित्येक आठवडे तो सुरू होऊ शकला नाही. मी त्या खेळाच्या मदत विभागात काम करते. खेळाडूची तक्रार किंवा विचारणा ज्या नोंदीच्या रूपाने आमच्यापर्यंत पोहोचते तिला आम्ही तिकीट म्हणतो, आणि त्या काळात तिकिटांची रांग उपसता उपसत नव्हती. बंदच्या दुसऱ्या आठवड्यात आलेल्या एका तिकिटाने मात्र आमच्या कामाचा क्रमच बदलून टाकला. त्या दिवसाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

त्याआधी इतका वेळ का लागत होता हे सांगायला हवे, कारण बहुतेक तिकिटांत हाच प्रश्न होता. घुसखोरी झाल्यावर सर्व्हर नुसता बंद करून पुन्हा चालू करता येत नाही. आधी प्रत्येक यंत्राच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून बाजूला ठेवावी लागते, कारण तपासाचा पुरावा तिथेच असतो. मग घुसखोर पहिल्यांदा नेमका केव्हा आत आला हे नोंदींवरून शोधावे लागते, कारण त्यानंतर घेतलेल्या प्रत्येक बॅकअपमध्ये त्याने मागे ठेवलेला चोरदरवाजा असू शकतो. त्यानंतर कोरी यंत्रे उभारायची, अंतर्गत पासवर्ड आणि सांकेतिक किल्ल्या बदलायच्या, चालू असलेली सर्व लॉगिन रद्द करायची आणि मगच खेळाडूंची माहिती तपासून नव्या यंत्रांवर आणायची. यातली कोणतीही पायरी घाईने उरकली, तर खेळ सुरू झाल्यावर तोच माणूस त्याच वाटेने पुन्हा आत येतो.

याबाबतीत आमच्यासमोर २०११ चे उदाहरण होते. त्या वर्षी २० एप्रिलला सोनीने प्लेस्टेशन नेटवर्क ही आपली ऑनलाइन खेळांची सेवा बंद केली, पण सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांमधली वैयक्तिक माहिती बाहेर गेली असावी हे खेळाडूंना २६ एप्रिलला सांगण्यात आले. सेवा टप्प्याटप्प्याने परत यायला मे महिन्याचा मध्य उजाडला. खेळाडूंचा रोष नेटवर्क बंद होण्यावर होताच, पण मधल्या काही दिवसांच्या मौनावर तो अधिक होता, आणि तो रास्त होता असे माझे मत आहे. जो माणूस एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरतो त्याच्या दृष्टीने तो प्रत्येक दिवस मोलाचा असतो. म्हणूनच आमच्या सुरक्षा विभागाच्या प्रमुखांनी पहिल्याच निवेदनात स्पष्ट लिहिले की ईमेलचे पत्ते आणि पासवर्डची हॅश केलेली, म्हणजे गणिती प्रक्रियेने बदलून साठवलेली, रूपे घुसखोराच्या हाती लागली आहेत असे धरून चाला, आणि हाच पासवर्ड अन्यत्र वापरत असाल तर तिथे तो आजच बदला. हॅशवरून मूळ पासवर्ड थेट वाचता येत नाही हे खरे, परंतु सोपा पासवर्ड अंदाज बांधून जुळवता येतो, आणि लोकांचे पासवर्ड सोपे असतात.

खेळाडूंनी तो काळ ज्या रीतीने काढला ते मी जवळून पाहिले. आमच्या खेळात खेळाडूंचे गट असतात, त्यांना सगळे गिल्डच म्हणतात. पुष्कळ गिल्डांनी आपली मोहिमेची ठरलेली वेळ मोडली नाही. नेहमीच्या वेळी सगळे व्हॉइस चॅटवर जमत, जुन्या लढायांची रेकॉर्डिंग पाहत आणि कोण कुठे चुकले यावर चर्चा करत. एका गिल्डने सगळ्या गुहांचे नकाशे आठवणीतून कागदावर काढायला घेतले होते. कामाच्या पाळ्या रात्रीच्या असल्यामुळे ज्यांना बोलायला दुसरे कोणी नसते, अशांची अडचण मला सर्वांत खरी वाटली. त्यांच्यासाठी खेळ बंद होणे म्हणजे रोजची भेटण्याची जागाच बंद होणे होते. ‘हा तर नुसता खेळ’ असे म्हणणाऱ्यांनी ती तिकिटे वाचायला हवी होती.

अफवांनाही ऊत आला होता. ‘सर्व्हर सुरू झाला, येथे लॉगिन करा’ किंवा ‘नुकसानभरपाईची नाणी मिळवा’ अशा बनावट लिंक रोज नव्याने फिरत. वाट पाहून कंटाळलेला माणूस अशा लिंकवर सहज क्लिक करतो, आणि चोरांना हे पक्के ठाऊक असते. यावर गिल्डांनीच उपाय शोधला. प्रत्येक गिल्डने एका सदस्याकडे आमची निवेदने ताडून पाहण्याचे काम सोपवले, आणि त्याने दुजोरा दिल्याशिवाय कोणतीही लिंक पुढे पाठवायची नाही असा दंडक घातला. आम्हीही ठरवले की बंद असेपर्यंत निवेदनात एकही लिंक द्यायची नाही आणि निवेदन रोज त्याच वेळी काढायचे, मग सांगण्यासारखे नवे काही असो वा नसो. हे सुरू झाल्यावर ‘काही कळले का’ एवढेच विचारणारी तिकिटे लक्षणीयरीत्या घटली.

आता त्या दिवसाकडे वळते. सकाळी एका गिल्डप्रमुखाचे तिकीट आले. त्याचा विषय होता ‘घरांची मुदत’. आमच्या खेळात खेळाडू घर बांधू शकतो, पण ते राखण्यासाठी ठरावीक काळाने खेळातल्या नाण्यांत देखभालीचा हप्ता भरावा लागतो. हप्ता चुकला की घर लिलावात जाते आणि आतले सामान नष्ट होते. गिल्डप्रमुखांनी आपल्या सदस्यांकडच्या जुन्या स्क्रीनशॉटवरून एक तक्ता केला होता. एका स्तंभात घर, दुसऱ्यात शेवटचा हप्ता, तिसऱ्यात मुदत. खाली त्यांनी लिहिले होते, ‘यांतल्या निम्म्याहून अधिक घरांची मुदत बंदच्या काळात संपली आहे. सर्व्हर सुरू झाल्यावर यांचे काय होणार, एवढेच कृपया पाहून सांगा. आपण कामात आहात याची कल्पना आहे.’

मी ते तिकीट घेऊन सर्व्हरचे काम पाहणाऱ्या आमच्या ज्येष्ठ अभियंत्याकडे गेले. तक्ता वाचून ते काही वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी कोड उघडून मला ती ओळ दाखवली. घराच्या नोंदीत ‘किती दिवस उरले’ असा आकडा नसतो. तिथे मुदत संपण्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असते. सर्व्हर सुरू होताच तो आजची तारीख पाहतो, नोंदीतल्या तारखेशी ताडतो, आणि तारीख उलटून गेली असेल तर घर काढून घेतो. मध्ये सर्व्हर बंद होता की चालू, याची त्याला काहीच कल्पना नसते. नेहमीच्या देखभालीसाठी तासभर बंद ठेवल्याने कधी फरक पडला नव्हता, म्हणून हा प्रश्न आजवर कोणाच्या डोळ्यांसमोर आला नव्हता.

खात्री करण्यासाठी त्यांनी बॅकअपची एक प्रत बाहेरच्या जगाशी संपर्क नसलेल्या यंत्रावर चढवली आणि तिथे सर्व्हर सुरू केला. आम्ही दोघे पडद्यासमोर उभे होतो. काही क्षण नेहमीच्या ओळी आल्या. मग मुदत संपलेल्या टपालाची सफाई सुरू झाली, कारण खेळातली पत्रेही ठरावीक काळाने पुसली जातात आणि पत्रासोबत पाठवलेली वस्तूही जाते. त्यामागोमाग घरांच्या ओळी सरकू लागल्या: घराचा क्रमांक, मालकाचे नाव, ‘लिलावात’. तक्त्यातले एक नाव मी ओळखले. पडद्यावर ओळी इतक्या वेगाने धावत होत्या की वाचणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी सर्व्हर थांबवला. ही केवळ चाचणीची प्रत होती हे माहीत असूनही माझ्या पोटात गोळा आला. घुसखोराने या घरांना हातही लावला नव्हता. ती सगळी घरे आम्ही स्वतःच खेळ सुरू करून पाडणार होतो.

दुपारी बैठक झाली. उपाय तसा सरळ होता: खेळ सुरू करण्याआधी प्रत्येक मुदतीत बंदचा संपूर्ण काळ मिळवायचा. अवघड होते ते कोणत्या मुदती वाढवायच्या हे ठरवणे. घरे, टपाल, लिलावातल्या बोली आणि पैसे भरून घेतलेले सदस्यत्व यांवर दुमत झाले नाही. दीर्घकाळ न आलेल्या गिल्डप्रमुखाचे पद आपोआप दुसऱ्याकडे जाते, तो नियमही तात्पुरता थांबवायचे ठरले. सलग रोज लॉगिन करणाऱ्यांच्या मालिका तुटू द्यायच्या नाहीत, हे मी आग्रहाने मांडले, कारण त्याविषयीची तिकिटे मीच वाचली होती आणि वर्षानुवर्षे जपलेली मालिका आपली काही चूक नसताना तुटणे माणसाला किती लागते हे मला कळले होते. खरा वाद झाला तो गैरवर्तनासाठी ठरावीक दिवस बंदी घातलेल्या खेळाडूंवरून. त्यांची शिक्षा बंदच्या काळात भोगून झाली असे मानायचे का? एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की कोणीच खेळू शकत नसताना बंदीला अर्थ उरत नाही, म्हणून तीही वाढवावी. मी याला विरोध केला. आमच्या दोषामुळे कोणाचीही शिक्षा लांबू नये, असे माझे म्हणणे होते आणि शेवटी तेच मान्य झाले.

या मुदती खेळाच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या होत्या. सगळ्या आपल्यालाच सापडतील या भरवशावर राहणे मला पटेना, म्हणून त्याच संध्याकाळच्या निवेदनात आम्ही अडचण उघडपणे सांगितली आणि खेळात ज्या ज्या गोष्टीला वेळेची मर्यादा आहे ती कळवा, असे आवाहन केले. प्रतिसाद रात्रभर येत राहिला. शेतातली पिके कुजण्याची वेळ, भाड्याने घेतलेली घोडी, दोन गिल्डांमधल्या तहाची मुदत अशा कितीतरी गोष्टी खेळाडूंनी कळवल्या. त्यांतल्या तहाच्या मुदतीचा तर आमच्या यादीत मागमूसही नव्हता. ज्यांच्या हातून खेळ काढून घेतला गेला होता, ते रात्र जागून तो सावरायला मदत करत होते.

खेळ सुरू झाला तेव्हा प्रत्येकाला नवा पासवर्ड ठेवणे सक्तीचे होते. घरे उभी होती, पत्रे जागेवर होती. त्या गिल्डप्रमुखांनी आपला तक्ता पुन्हा पाठवला, या वेळी प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करून. आमचे काम मात्र संपले नव्हते. ज्यांनी जुन्या, आता बंद पडलेल्या ईमेलवर खाते उघडले होते त्यांना पासवर्ड बदलता येईना. त्यांची ओळख जुन्या पावत्यांवरून आणि खात्याच्या इतिहासावरून एकेक करून पटवावी लागली, आणि ती तिकिटे मी पुढे कितीतरी दिवस हातावेगळी करत होते.