अण्णांचे ‘पुरे’

आज रात्री जेवताना अण्णांच्या ताटात तिसरी भाकरी वाढायला गेले, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे तळहात ताटावर आडवा धरला आणि म्हणाले, “पुरे.” ज्वारीची भाकरी तव्यावरून नुकतीच उतरली होती, तिचा पापुद्रा अजून फुगलेला होता, ताटात पिठले होते आणि बाहेर डोंबिवलीचा पाऊस कोसळत होता, अशा वेळी माणूस नको कसे म्हणू शकतो, हे मला कधीच उमगलेले नाही. माझ्या तोंडी हा शब्द येतो तो केवळ रागात. मुलाचा मोबाइल, कल्याणहून खच्चून भरून येणारी लोकल, साहेबांचे साडेसहानंतरचे फोन, या सगळ्यांना मी दिवसातून दहा वेळा ‘पुरे झाले’ म्हणते. मन भरले म्हणून ‘पुरे’ म्हटल्याचे मात्र आठवत नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही या दोन बेडरूमच्या घरात आलो. पहिले दोन महिने मी सकाळचा चहा गॅलरीत उभी राहून, अगदी सावकाश घेत असे. आता त्या गॅलरीत कपड्यांचा स्टँड आणि बिघडलेला मिक्सर आहे, आणि चहा मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच उरकते.

गेल्या आठवड्यात एका जुन्या अभ्यासाविषयी वाचले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांची तुलना तेवढ्याच सामान्य माणसांशी केली होती. लॉटरीवाले फारसे अधिक सुखी निघाले नाहीतच, शिवाय नाश्ता करणे, मित्राशी बोलणे, विनोद ऐकणे अशा साध्या गोष्टींत त्यांना वाटणारी गोडी इतरांहून कमी भरली. बावीस माणसांवरून जगाचा नियम सांगू नये, हे मलाही समजते. तरी नाश्त्याचे वाचले आणि गॅलरी आठवली. फरक इतकाच, की आम्हाला लॉटरी नव्हे, गृहकर्ज लागले होते.

मात्र अण्णांच्या ‘पुरे’ला समाधान म्हणून मोकळे होणे मला जमत नाही, कारण त्याचा दुसरा अर्थही मी पाहिला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. मुंबईतल्या सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर अण्णाही घरी बसले. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच माणसे होतो आणि महिन्यागणिक आईच्या भाकऱ्या पातळ होत चालल्या होत्या. एका भाकरीनंतर अण्णा असाच हात आडवा धरत, “पुरे” म्हणत, तांब्याभर पाणी पीत आणि लगेच उठून चाळीच्या कट्ट्यावर जाऊन बसत. त्यांच्या वाट्याची दुसरी भाकरी आम्हा भावंडांत वाटली जाई. अण्णांना भूकच कमी, अशी आमची खात्री होती. ते खरे नव्हते, हे कळायला माझी स्वतःची मुले पानावर बसावी लागली. तेव्हापासून, ज्याच्या ताटातच कमी आहे त्याला कोणी समाधानाचे धडे देऊ लागले की माझे डोके फिरते.

म्हणून आज मी हाताकडे पाहिले नाही, अण्णांकडे पाहत राहिले. ते उठले नाहीत. ताटाच्या कडेचे पिठले त्यांनी बोटाने निपटून घेतले आणि हात वाळेपर्यंत खिडकीतून पाऊस बघत तसेच बसून राहिले. ती तिसरी भाकरी मी माझ्या ताटात घेतली आणि तवा खाली उतरवला.

“ठेचा उरलाय का गं थोडा?” बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले.

मी ठेच्याबरोबर माझ्यातली अर्धी भाकरी मोडून त्यांच्या ताटात ठेवली. या वेळी हात आडवा आला नाही.